विश्लेषण : दवाखाना, नर्सबाई आणि हापसा... जालन्याच्या गावांत आरोग्यसेवा कशी पोहोचली?

राज्यातील १० नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले. त्यांत जालन्याचेही नाव होते. मराठवाड्यातले पहिले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ मध्ये औरंगाबादला (आताचे छत्रपती संभाजीनगर) सुरू झाले होते. तिथून जालन्याचे अंतर सुमारे ६० किलोमीटर. ते पार करायला ६८ वर्षे लागली. या काळात ‘पेशंट घाटीला न्या’ हे वाक्य जालन्याच्या किती तरी घरांनी ऐकले.

मात्र गावातल्या माणसाचे आयुष्य वाढले ते केवळ मोठ्या रुग्णालयांमुळे नाही. देवी टोचणारा माणूस, घराच्या भिंतीवर डीडीटी फवारणारी टोळी, उपकेंद्राची नर्सबाई आणि चौकातला हापसा यांचा त्यात मोठा वाटा आहे. हे सगळे गावात कधी आले, कोणी आणले आणि त्यातले काय टिकले?

निजामाच्या काळात काय होते?

आजचा जालना जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाचे स्वतःचे वैद्यकीय खाते होते. मोठ्या ठिकाणी सरकारी दवाखाने होते, युनानी वैद्यकीलाही सरकारी आश्रय होता. जालना शहरात स्कॉटिश मिशनऱ्यांनी उभारलेले मिशन हॉस्पिटल होते. शहराला घाणेवाडीच्या तलावातून उताराने वाहत येणारे पाणी मिळे. तो तलावही निजामाच्या काळातलाच.

मात्र ही सोय मुख्यतः शहराची होती. खेड्यातल्या माणसाला दवाखाना गाठायचा तर बैलगाडी जुंपावी लागे, पावसाळ्यात तेही जमत नसे. त्यात भाषेची अडचण होती. राज्यकारभार उर्दूत चाले आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात वैद्यकीचे शिक्षणही उर्दूतून दिले जाई. मराठी शाळेत शिकलेल्या खेड्यातल्या मुलाला डॉक्टर होणे म्हणजे आधी भाषा आणि मग वैद्यक, अशा दोन परीक्षा होत्या.

एक योगायोग सांगण्यासारखा आहे. हिवतापाचा परजीवी डासाच्या पोटात असतो, हे रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी याच संस्थानातल्या सिकंदराबादेत दिसले. पण शोध लागल्यानंतरही पन्नासेक वर्षे मराठवाड्यातली खेडी दर पावसाळ्यानंतर तापाने फणफणतच होती.

भोर समितीने काय सांगितले?

दुसरे महायुद्ध चालू असताना, १९४३ मध्ये, ब्रिटिश सरकारने देशाच्या आरोग्याचा आढावा घेण्यासाठी समिती नेमली. तिचे अध्यक्ष सर जोसेफ भोर यांचा जन्म नाशिकचा. समितीचा अहवाल १९४६ मध्ये आला. आज आपण ज्याला ‘पीएचसी’ म्हणतो, त्या प्राथमिक आरोग्य केंद्राची मूळ कल्पना या अहवालातली.

अहवालातले आकडे आजही अंगावर येतात :

• दर ६,३०० माणसांमागे एक डॉक्टर
• दर ४३,००० माणसांमागे एक परिचारिका
• जन्मलेल्या १,००० बाळांपैकी सुमारे १६० बाळे वर्षाच्या आत दगावत
• बाळंतपणाशी संबंधित कारणांनी वर्षाला सुमारे दोन लाख स्त्रियांचा मृत्यू

यावर समितीने सांगितलेला तातडीचा उपाय असा : दर ४०,००० लोकसंख्येमागे एक केंद्र. त्यात दोन डॉक्टर, एक परिचारिका, चार सार्वजनिक आरोग्य परिचारिका, चार मिडवाइफ, चार प्रशिक्षित दाया, दोन स्वच्छता निरीक्षक, दोन आरोग्य सहायक, एक औषधनिर्माता आणि पंधरा इतर कर्मचारी. उपचार आणि रोगप्रतिबंध ही दोन्ही कामे याच केंद्राने करायची. पैसे नाहीत म्हणून कोणालाही सेवा नाकारली जाऊ नये, हे समितीचे मूळ तत्त्व होते.

हे आकडे ब्रिटिश हिंदुस्थानाचे होते. हैदराबादसारखी संस्थाने या मोजणीत नव्हती. म्हणजे देशाच्या आरोग्याचा पहिला मोठा हिशेब मांडला गेला, तेव्हा जालना, अंबड, भोकरदन, परतूर त्या वहीत नव्हतेच.

स्वातंत्र्यानंतर जालन्यात काय बदलले?

पोलीस कारवाईनंतर हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. बारा वर्षांत खेडे जागचे हलले नाही, पण त्याचे राज्य आणि राजधानी बदलत गेली. हैदराबादकडे जाणारे कागद मुंबईकडे जाऊ लागले. कारभाराची भाषा बदलली, नियम बदलले, खाती बदलली.

याच काळात देशात २ ऑक्टोबर १९५२ रोजी समुदाय विकास कार्यक्रम सुरू झाला. प्रत्येक विकास गटाला (ब्लॉकला) एक प्राथमिक आरोग्य केंद्र द्यायचे ठरले. पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या अखेरीस देशभरात अशी ७२५ केंद्रे उभी राहिली होती.

मात्र या केंद्रांना भोर समितीचे माप लावले नाही. एका केंद्राकडे ४०,००० ऐवजी ६०,००० पासून एक लाखापर्यंत माणसे आली. दोनऐवजी एक डॉक्टर, सहा खाटा आणि तीन उपकेंद्रे असा साधारण आराखडा होता. म्हणजे लोकसंख्या दुप्पट आणि माणसे निम्मी. डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या समितीने १९६१ मध्ये पुन्हा आढावा घेतला. नवी केंद्रे काढण्याआधी आहेत ती सुधारा आणि एका केंद्राकडे ४०,००० हून जास्त लोकसंख्या देऊ नका, असे तिने सांगितले. इमारत आधी आणि माणसे नंतर, ही तक्रार तेव्हापासूनची आहे.

मग रोग कमी कसे झाले?

दवाखाना दूर होता, म्हणून काही सेवा स्वतः चालत दारात आल्या. पन्नास आणि साठच्या दशकांत एकामागून एक राष्ट्रीय मोहिमा सुरू झाल्या. क्षयाविरुद्ध बीसीजीची सामूहिक टोचणी १९५१ पासून देशभर पसरली. हिवताप नियंत्रणाचा कार्यक्रम १९५३ मध्ये, कुष्ठरोगाचा १९५५ मध्ये, तर देवी निर्मूलनाचा १९६२ मध्ये आला.

यांत सर्वांत मोठी मोहीम हिवतापाची. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख माणसे दगावत, असा अंदाज होता. फवारणी करणाऱ्यांच्या टोळ्या गावोगाव फिरून घराच्या आतल्या भिंतींवर डीडीटी मारू लागल्या. रक्त पिऊन जड झालेला डास भिंतीवर टेकतो आणि तिथेच मरतो, हे त्यामागचे साधे गणित. सुरुवातीला ढेकूणही मरत, म्हणून लोक खूश असत. पण सणाला भिंत सारवली की औषधाचा थर मातीखाली जाई. देवघर आणि स्वयंपाकघर फवारू द्यायला अनेक घरे तयार नसत.

१९५८ मध्ये ‘नियंत्रण’ जाऊन ‘निर्मूलन’ हे उद्दिष्ट आले. आता कर्मचारी दर पंधरवड्याला घरोघरी जाऊन विचारू लागला, ‘कोणाला ताप आहे का?’ ताप असला तर बोटातून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा, क्लोरोक्विनच्या गोळ्या द्यायच्या आणि घराच्या भिंतीवर भेटीची नोंद करायची. अनेक खेड्यांत सरकारी आरोग्य खात्याशी पहिली नियमित ओळख झाली ती या माणसाच्या रूपाने.

परिणाम मोठा होता. १९६१ मध्ये देशातल्या हिवताप रुग्णांची नोंद सुमारे ५०,००० वर आली.

हिवताप परत का आला?

कारण मोहीम संपली, पण तिची जागा घेणारी रोजची व्यवस्था उभी राहिली नव्हती. फवारणी थांबल्यावर देखरेखीचे काम प्राथमिक आरोग्य केंद्रांनी करायचे होते. चढ्ढा समितीने १९६३ मध्ये त्यासाठी दर १०,००० लोकसंख्येमागे एक मूलभूत आरोग्य कर्मचारी सुचवला. पण केंद्रेच अपुरी होती. जिथे केंद्र होते, तिथे पदे भरलेली नव्हती. रक्ताच्या काचपट्ट्या तपासायला वेळ लागत होता. डीडीटीला डास दाद देईनासे झाले, आयात औषधांचा पुरवठा विस्कळीत झाला.

१९७६ मध्ये देशात हिवतापाच्या ६४ लाखांहून अधिक रुग्णांची नोंद झाली. पंधरा वर्षांत ५०,००० वरून ६४ लाख. सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासातला हा कडू धडा आहे. मोहिमेने रोग हटवता येतो, पण त्याला लांब ठेवायला रोज कामावर येणारा माणूस लागतो.

देवीच्या बाबतीत उलट घडले. एकदा टोचलेली लस दीर्घकाळ संरक्षण देते आणि देवीचा रोगी अंगावरच्या फोडांवरून ओळखता येतो. त्यामुळे रोगी शोधून त्याच्या भोवतालच्या सगळ्यांना टोचणे शक्य झाले. भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण मे १९७५ मध्ये सापडला. जुन्या पिढीच्या दंडावर टोचणीचे गोल वण दिसतात, ती त्या लढाईची खूण.

‘जालना पंप’ काय होता?

आता पाण्याकडे वळू. पटकी, हगवण, कावीळ, नारू हे रोग पाण्यातून येतात. मराठवाड्यात बारवा आणि पायऱ्यांच्या विहिरी पुष्कळ. नारूचा रोगी पायरीवरून पाण्यात उतरला की पायातून बाहेर डोकावणारा कृमी हजारो अळ्या सोडी. पाण्यातले सूक्ष्म जीव त्या गिळत आणि तेच पाणी प्यायलेल्या माणसाच्या पायातून वर्षभराने नवा नारू निघे. यावर औषध नव्हते. काडीला गुंडाळत तो रोज थोडा थोडा ओढून काढणे, एवढेच हाती होते.

उपाय एकच, झाकलेले पाणी. पण जालन्याची जमीन काळ्या पाषाणाची. वार्षिक पाऊस सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास. उथळ विहिरी उन्हाळ्यात आटत. साठच्या दशकात हवेच्या दाबावर चालणारी यंत्रे आली आणि कठीण खडकात बोअर घेणे शक्य झाले. १९६६-६७ च्या दुष्काळात युनिसेफने अशी यंत्रे भारतात आणली.

बोअर झाले, पण पंप टिकेनात. त्या काळचे ओतीव लोखंडाचे पंप परदेशी घरगुती पंपांची नक्कल होते. एका कुटुंबासाठी बनवलेला पंप पहाटेपासून रात्रीपर्यंत सगळे गाव हापसू लागले, तर तो किती दिवस चालणार? सत्तरच्या दशकाच्या मध्यास युनिसेफच्या पाहणीत सुमारे तीन चतुर्थांश पंप बंद आढळले.

यावर उत्तर शोधण्याची सुरुवात जालन्यात झाली. चर्च ऑफ स्कॉटलंडच्या इथल्या मिशनने बोअरवेलचे काम हाती घेतले होते. त्यांच्याकडच्या लोकांनी ओतीव लोखंडाऐवजी पोलादाचा, कमी सांध्यांचा, एकाच आसावर हलणाऱ्या दांड्याचा पंप बनवला. तोच ‘जालना पंप’. त्यात सुधारणा होऊन पुढे ‘सोलापूर पंप’ आला. सत्तरच्या दशकात युनिसेफ, भारत सरकार आणि मद्रासच्या रिचर्डसन अँड क्रुडास या कारखान्याने सोलापूर पंपाच्या आधारे ‘इंडिया मार्क टू’ तयार केला. त्याच्या रचनेवर कोणाची मक्तेदारी ठेवली नाही, त्यामुळे अनेक कारखाने तो बनवू लागले. आज आशिया आणि आफ्रिकेतल्या कित्येक देशांत हा हापसा चालतो.

म्हणजे जगभर गेलेल्या या हापशाच्या घराण्यात जालन्याचे नाव पहिल्या पिढीत आहे. नारूही गेला. १९८३-८४ मध्ये राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्र हे नारूग्रस्त राज्यांपैकी एक होते. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात आढळला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. पायऱ्या बंद करणे, पाणी फडक्याने गाळणे, रोगी शोधणे या कामांबरोबर हापशाचा त्यात थेट वाटा आहे.

हापशाने व्यवस्थेला काय शिकवले?

चांगला पंप हे अर्धेच उत्तर होते. नवा पंपही कधी तरी बिघडणारच. म्हणून तमिळनाडूत सत्तरच्या दशकात तीन पायऱ्यांची देखभाल पद्धत तयार झाली : गावात पंपाकडे लक्ष ठेवणारा माणूस, गटपातळीवर मेकॅनिक आणि जिल्ह्याकडे दुरुस्तीची फिरती गाडी. बिघाड कोणी कळवायचा आणि कोणी दुरुस्त करायचा, हे ठरलेले असले की पंप चालू राहतात.

हिवतापाच्या मोहिमेत हीच गोष्ट राहून गेली होती. प्राथमिक आरोग्य केंद्रांचेही दुखणे तेच आहे. केंद्राच्या उद्घाटनाची तारीख कोनशिलेवर असते. रिकाम्या पदाची, बंद फ्रिजची, संपलेल्या औषधाची तारीख मात्र कुठे कोरलेली नसते.

जिल्हा परिषदेकडे आरोग्य केव्हा आले?

वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींनंतर १९६१ मध्ये कायदा झाला आणि १ मे १९६२ रोजी राज्यात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. ग्रामीण आरोग्याची जबाबदारी त्यांच्याकडे आली. निवडून आलेला सदस्य आता ‘आमच्या गटात डॉक्टर का नाही?’ असे सभागृहात विचारू शकत होता. ‘स्थानिक’ आरोग्यसेवा खऱ्या अर्थाने स्थानिक झाली ती इथे.

तरीही जालन्याचा प्रश्न सुटला नाही. तेव्हा जालना हा जिल्हाच नव्हता. जालना, अंबड, भोकरदन, जाफराबादचा कारभार औरंगाबादहून चाले, तर परतूरचा परभणीहून. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला आणि जिल्हा परिषद, जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा शल्यचिकित्सक ही यंत्रणा जवळ आली.

विश्वास कुठे तुटला?

एक पान उलटून पुढे जाता येणार नाही. आणीबाणीत नसबंदीची उद्दिष्टे पूर्ण करण्याचे काम आरोग्य कर्मचाऱ्यांवर लादले गेले. १९७६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायद्यात उतरले नाही. पण जो माणूस तापाच्या गोळ्या घेऊन येतो तोच उद्या पकडायला येईल, ही धास्ती लोकांच्या मनात बसली. वीस वर्षे उंबरठा झिजवून मिळवलेली ओळख काही महिन्यांत गढूळ झाली. लसीविषयीच्या अफवा आजही पटकन पसरतात. त्याची कारणे अनेक असली तरी हा इतिहास विसरून चालत नाही.

आज चित्र किती बदलले?

‘जालना सोन्याचा पाळणा’ अशी म्हण आहे. ती बाजारपेठेच्या भरभराटीवरून पडली. पाळण्यातल्या बाळांचा हिशेब मात्र उशिरा सुधारला. भोर समितीच्या वेळी देशात १,००० जन्मांमागे सुमारे १६० बाळे दगावत. २०२० मध्ये महाराष्ट्रात हे प्रमाण १६ वर आले होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) राज्यातली सुमारे ९५ टक्के बाळंतपणे दवाखान्यात होतात.

केंद्रांचे निकषही सुधारले. आता साध्या भागात ३०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ५,००० मागे एक उपकेंद्र अपेक्षित आहे. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले आणि साधारण १,००० लोकसंख्येमागे एक ‘आशा’ नेमली जाऊ लागली. पन्नासच्या दशकात दार वाजवणारा माणूस बाहेरगावचा होता. आता दार वाजवणारी बाई बहुधा गावातलीच असते.

२०११ च्या जनगणनेत जालना जिल्ह्याची लोकसंख्या १९,५९,०४६ होती. त्यातले सुमारे ८० टक्के लोक ग्रामीण भागातले, म्हणजे १५ लाखांहून अधिक. या निकषाने तेव्हाच ५० हून अधिक केंद्रे आणि ३०० हून अधिक उपकेंद्रे हवी होती. जनगणना आता जुनी झाली, लोकसंख्या वाढली. त्यामुळे गरजही वाढली आहे.

वाचकांनी काय पाहावे?

आपल्या गावच्या केंद्राला हे पाच प्रश्न विचारता येतात :

• केंद्राकडे किती लोकसंख्या आहे आणि ती निकषाच्या किती पट आहे?
• मंजूर पदे किती आणि भरलेली किती?
• रात्री बाळंतपणाची सोय प्रत्यक्षात आहे का?
• पिण्याच्या पाण्याचा नमुना शेवटचा कधी तपासला?
• गावचा हापसा किंवा नळयोजना बिघडली तर दुरुस्तीची जबाबदारी कोणाची?

हे प्रश्न ग्रामसभेत विचारता येतात. गावची आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती आणि केंद्राची रुग्ण कल्याण समिती यांच्याकडेही नेता येतात.

जालन्यात आता डॉक्टर घडतील, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र त्यांतले किती जण मंठा, घनसावंगी, जाफराबादच्या केंद्रांत रोज हजर असतील, यावर खेड्यातल्या माणसाला या महाविद्यालयाचा किती उपयोग झाला ते ठरेल.